रेशनची साखर आणि वांग्याचे गर्भ

युद्धाच्या दिवसांत मी लोणावळ्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यात वांग्याचे गर्भ काढायला जात असे. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, तो आधी थांबून माझ्याकडे बघतो. वांग्याला गर्भ असतो? असतो. प्रत्येक बीत असतो. बी रुजते तेव्हा तोच बाहेर येतो. फक्त तो बीत असताना कुणी बघायला जात नाही, कारण बघून मिळायचं काय?

आमचे हे लोणावळा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. तिथे एका पार्सलवरून एक म्हातारे गृहस्थ भांडत उभे होते. पार्सलात काचेच्या नळ्या होत्या आणि निम्म्या फुटल्या होत्या. ह्यांनी सहज विचारलं, इतक्या नळ्या कशाला, आणि म्हाताऱ्यांनी भांडण सोडून तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घरी येऊन हे मला म्हणाले, "तुझ्या विषयातला माणूस आहे. मी सांगून आलोय, बायको वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालीय म्हणून." लग्न झाल्यापासून त्या बी.एस्सी.चं मी काहीच केलं नव्हतं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, घरात त्यांची बायको असते ना? असते म्हटल्यावर त्यांची हरकत नव्हती.

ते गृहस्थ, म्हणजे आमचे सर, शेतकी कॉलेजातून निवृत्त झालेले. बंगला त्यांचा नव्हता. मुंबईच्या एका मित्राने राखणीच्या बोलीवर राहायला दिला होता. स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत त्यांनी आपली प्रयोगशाळा मांडली होती. एक सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा, हात घालायला दोन भोकं ठेवलेली काचेची पेटी आणि भिंतीभर नळ्या. काकूंचं म्हणजे सरांच्या पत्नीचं मोदकपात्र त्या खोलीत गेलं होतं ते परत आलं नव्हतं. त्यात नळ्या वाफवत असत.

सरांच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. मावळात वांग्यावर मर पडते. रोप चांगलं वाढतं, फुलावर येतं आणि एके दिवशी उभ्या उभ्या माना टाकतं. बांधावर मात्र डोरली असते, तेच कूळ, काटेरी झुडूप, बोराएवढी फळं. तिला मर शिवत नाही. सरांना वांगं आणि डोरली यांचा संकर हवा होता. वांग्याच्या फुलावर डोरलीचा पराग टाकला की फळ धरायचं, फळात बी धरायची, पण बीतला गर्भ अर्ध्या वाटेवर मरायचा. गर्भाभोवती बीत जे खाद्य साठावं लागतं, ते या संकरात नीट साठतच नसे.

"तो रोगाने मरत नाहीये," सर मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "उपाशी मरतोय. आई त्याला जेवू घालत नाही. तर आपण त्याला बाहेर काढायचं आणि आपण जेवू घालायचं."

जेवण म्हणजे पाण्यात थोडे क्षार आणि साखर. सर त्याला मीडियम म्हणत, काकू पाक म्हणत. "झाला का तुमचा पाक?" असं त्या दारातून विचारत, आणि त्यांच्या आवाजात कौतुक नसे.

लोणावळ्याच्या पावसात वांगी टिकत नाहीत, म्हणून सरांनी परंदवडीला एका मावशींच्या शेताचा तुकडा खंडाने घेतला होता. हंगामात मला तिथे जावं लागे. पहाटे उठून पाणी भरायचं, दोन्ही वेळचं करून ठेवायचं, गाडीने तळेगाव, पुढे पायी. संध्याकाळी उद्या उमलतील अशा कळ्या हेरून चिमट्याने आतले पुंकेसर काढायचे, वर पातळ कागदाची पिशवी बांधायची. रात्री मावशींकडे राहायचं. सकाळी फूल उघडलं की पिशवी सोडून डोरलीचा पराग लावायचा, पुन्हा पिशवी. पाठ वाकून वाकून दुखायची. मावशी बांधावर बसून बघत.

"ताई, आमी इतकी वर्सं वांगी लावतोय," त्या एकदा म्हणाल्या, "पर फुलाचं लगीन कुनी लावलेलं बगितलं न्हाई."

"लागलं तर तुमच्याच शेताला होईल, मावशी."

"व्हईल तवा व्हईल. तुमी आदी भाकर खावा."

काही आठवड्यांनी पुन्हा जायचं, फळं तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची आणि त्याच दिवशी फोडायची. बी तेव्हा मऊ असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून सुईने चिरायची आणि आतला गर्भ न दुखवता उचलायचा. मोठे असतात ते वाकडे, शेपटी मुडपल्यासारखे; ते साध्या वांग्याच्या फळांतले, ताडून बघायला आणलेले. संकराच्या फळांत मिळत ते त्याआधीचे, बदामाच्या आकाराचे, खसखशीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान. सुईचं टोक जरा रुतलं की संपलं. सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, दुसऱ्यात सुरुवात होती. म्हणून हात माझे होते. ते शेजारी बसून विचारत, "काय दिसतंय? सांग." मी सांगायची.

पहिली दोन वर्षं सांगण्यासारखं काही दिसलं नाही. लोणावळ्यात पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर एका रात्रीत बुरशी येते, तर साखरेच्या पाण्यावर का येऊ नये? कोठीच्या खोलीत आम्ही शेगडी पेटती ठेवायचो, फटींना कागद चिकटवायचो, हात स्पिरिटने धुऊन धुऊन माझी कातडी सोलवटली होती. तरी सकाळी गेलं की नळ्यांमध्ये हिरवे-काळे ठिपके. मग त्या सगळ्या उकळायच्या, ब्रशने घासायच्या, कापसाचे बोळे नवे करायचे, पुन्हा मोदकपात्र. कधी कधी वाटे, आपण गर्भ वाढवत नाही, नळ्या घासतो.

ज्यांच्यावर बुरशी आली नाही तेही वाढले नाहीत. मोठे गर्भ पांढरेफटक होऊन तसेच पडून राहत. लहान असत ते आठवडाभरात तपकिरी पडत. त्यातून जपानशी लढाई सुरू झाली आणि चायना ग्रास येणं बंद झालं. खाद्य थिजवायला ते लागे, म्हणजे गर्भ बुडत नाही, वर टेकून राहतो. आता नळीत कापसाचा बोळा भिजवून त्यावर गर्भ ठेवावा लागे. बोळ्याच्या तंतूत तो हरवला की शोधता शोधता डोळ्यांतून पाणी येई.

आणि मग साखरेचं रेशन आलं.

सर आणि काकू, दोनच माणसं. दोघांची साखर काकू उन्हात वाळवून एका काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवत, आणि ती बरणी कोठीच्या खोलीत जाई. घरात चहा गुळाचा. सणाला गुळाचंच काहीतरी. सरांनी एकदा नळीतही गूळ घालून पाहिला, पण पाणी इतकं गढूळ झालं की आत गर्भ आहे की नाही तेही दिसेना. काकू याबद्दल काही बोलत नसत. मला वाटे त्यांना सवय झाली आहे.

त्या थंडीत काकूंचे भाऊ कोकणातून आले. बऱ्याच वर्षांनी बहिणीकडे येत होते. अर्धं पोतं नारळ घेऊन आले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. मी आले की उभे राहत, त्यामुळे मला अवघडल्यासारखं होई. ते निघायच्या दिवशी मी परंदवडीहून फळं घेऊन थेट बंगल्यावर आले. टोपलीतून पाणी गळून माझं लुगडं एका बाजूने भिजलं होतं. स्वयंपाकघरात नारळाच्या वड्यांचा वास भरला होता. सर कोठीच्या दारात उभे होते.

"बरणी कुठे आहे?"

"धुऊन पालथी घातलीय," काकू म्हणाल्या.

"धुऊन?"

"रिकामी झाली म्हणून धुतली."

सर दारातून पुढे आले. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही पहाटेपासून उपाशी पायपीट करून आली. ही फळं आजच्या आज फोडली नाहीत तर फुकट. यांना काय घालू मी?"

"ते मला नका विचारू," काकू म्हणाल्या. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. "दादाला मी चार दिवस गुळाचा चहा दिला. तो काही बोलला नाही. आज तो जाणार. त्याच्या हातावर काय ठेवू? तुमची नळी? या घरात दोन माणसांना साखर मिळते. ती दोघंही खात नाहीत. मग खातं कोण? ज्यांना तोंड नाही ते!"

पुढच्या खोलीत त्यांचे भाऊ होते. त्यांना ऐकू गेलं असणारच. ते मोठ्याने खाकरले. सर वळून कोठीत गेले आणि मी टोपली घेऊन त्यांच्या मागे गेले, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते मला कळेना.

आदल्या खेपेला काढून ठेवलेली थोडी साखर एका पुडीत होती. नेहमीच्या निम्मीही नव्हती. "आहे तेवढीत कर," सर म्हणाले. "फळं फेकण्यापेक्षा बरं." मी पातळ पाक केला. संध्याकाळपर्यंत गर्भ काढले. मोठे होते, लहान होते, सगळे त्याच पातळ पाण्यात गेले. निघताना काकूंनी माझ्या हातावर एक वडी ठेवली. ती मी वाटेत खाल्ली. खरंच सांगते, त्या वेळी मला फळांचं, नळ्यांचं, सरांचं कुणाचंच काही वाटत नव्हतं. फक्त ती वडी गोड होती.

पुढच्या आठवड्यात मी नळ्या उजेडाला धरल्या तेव्हा मोठ्या गर्भांपैकी बऱ्याच जणांना मूळ फुटलं होतं. नुसतं मूळ नाही, वर दोन चिमुकली पानं हिरवी झाली होती. मी सरांना हाक मारली. त्यांना ते नीट दिसेना, म्हणून मी एक नळी त्यांच्या चांगल्या डोळ्याजवळ अगदी टेकवून धरली.

"हिरवं आहे?" त्यांनी विचारलं.

"हिरवं आहे."

"आणि लहान?"

लहान गर्भांनीही घाई केली होती. त्यांनाही मुळासारखं काहीतरी फुटलं होतं, पण केसासारखं बारीक, वेडंवाकडं. पानं नव्हतीच. बी म्हणून जे अंगात भरायचं ते भरायच्या आधीच ते रुजायला निघाले होते. दोन दिवसांत ते गेले.

सर खुर्चीत बसले. मग हळूहळू, मला नव्हे तर स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "आपण सगळ्यांना एकच ताट वाढत होतो. बीच्या आत लहान असतो तेव्हा तो दाट गोडात असतो. त्यातच त्याने राहायचं असतं, वाढायचं, पण रुजायचं नाही. मोठा झाला की ते गोड ओसरत जातं. आपण मोठ्यांना दाट पाकात दाबून ठेवलं, आणि आता लहानांना पातळ पाजून बाहेर हाकललं."

"मग लहानांना आधी दाट आणि मग उचलून पातळात?"

"हो. उचलून."

म्हणजे प्रत्येक गर्भ दोनदा हाताळायचा, दोनदा बुरशीच्या तोंडी द्यायचा. काम दुप्पट झालं, हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण मला आठवतं ते एवढंच की मी स्टुलावर बसले आणि काही वेळ उठावंसंच वाटेना.

थोड्या वेळाने सरांनी विचारलं, "वड्या चांगल्या झाल्या होत्या का?"

"मला एक मिळाली होती. चांगली होती."

"मला नाही मिळाली," सर म्हणाले.

ते आत गेले. काकूंशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बरणी स्वयंपाकघरात राहू लागली आणि काकू त्यातून वाटीने साखर काढून कोठीत देऊ लागल्या. किती द्यायची ते त्या ठरवत. सर कमी पडली तरी मागत नसत.

दाट पाकातही लहान गर्भ जगायचे, पण वाढायचे नाहीत. संकराचे गर्भ मोठे होण्याआधीच मरत असल्यामुळे आम्हाला लहानच वाचवायचे होते, त्यामुळे सगळं तिथेच अडलं होतं. सरांच्या वाचनात आलं होतं की अमेरिकेत कुणी धोतऱ्याच्या कोवळ्या गर्भांना नारळाचं पाणी देऊन पाहिलं आहे. नारळ घरात होते. शेवटी नारळाचं पाणी म्हणजे तरी काय, नारळाने आपल्या गर्भासाठी साठवलेलं खाद्यच. सर म्हणाले, उसनं घेऊन बघू.

नारळाचा डोळा स्पिरिटने पुसायचा, तापलेली सळई त्यातून घालायची आणि काचेच्या पेटीत धरून नळीने पाणी ओढायचं. आतलं पाणी स्वच्छच असतं, बाहेरची घाण लागू द्यायची नाही एवढंच. पाणी काढलेले नारळ काकू नेत. त्या काळात आमच्या तिघांच्याही जेवणात रोज नारळ होता.

पहिल्या खेपेला पाणी जास्त झालं. गर्भ वाढले, पण गर्भासारखे नाही. मूळ नाही, पान नाही, पांढरे फुगीर गोळे, भिजलेल्या साबुदाण्यासारखे. मी ते सांगितल्यावर सर म्हणाले, "पोट भरलं, पण घडण नाही." मग कमी केलं. अजून कमी. एका हंगामात आमचा मेळ बसला आणि बदामाच्या आकाराचे गर्भ नळीत लांब झाले, वाकले, मोठे झाले. ते उचलून पातळ पाकात घातले. त्यातले काही बुरशीने गेले, काही उचलताना माझ्या हातून. जे हिरवे झाले ते मातीच्या कुंडीत लावल्यावर माना टाकू लागले. नळीतल्या दमट हवेची त्यांना सवय होती. मी त्यांच्यावर काचेचे पेले पालथे घालून रोज थोडे थोडे उचलत असे. सगळ्यांमधून एक रोप उरलं.

कुंडी मांडीवर घेऊन मी ते परंदवडीला नेलं. तिकीट तपासणारा ह्यांच्या ओळखीचा होता. म्हणाला, "वहिनी, वांग्याचं तिकीट काढलंय का?" मी हसले असेन. मर पडलेल्या तुकड्यातच ते लावलं, मुद्दामच. आजूबाजूची वांगी एकेक करून वाळली. ते उभं राहिलं. काटेरी, दणकट, माझ्या कमरेएवढं झालं आणि जांभळ्या फुलांनी भरलं.

मावशींनी निरोप धाडला, आणि सर स्वतः आले. तळेगावहून त्यांना टांग्याने आणलं. बांधावरून चालताना त्यांनी माझा खांदा धरला होता. झाडापाशी खाली बसून त्यांनी पानावरून बोटं फिरवली.

"काटे आहेत," ते म्हणाले. "डोरली आहे यात."

मावशी जरा मागे उभ्या होत्या. सांगावं की नाही अशा घोटाळत होत्या. मग म्हणाल्या, "आबा, झाड लय टनक हाय. मर तर शिवलीबी न्हाई. पर वांगं धरत न्हाई. फूल येतंय आन् देठासकट गळतंय. म्या रोज बगती."

"एकही नाही?"

"येकबी न्हाई."

मी फुलं घेऊन लोणावळ्याला आले आणि पराग सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. दाणे चुरगळलेले होते, आत काही नाही, नुसती फोलं. सर शेजारी बसले होते. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. ते "हं" म्हणाले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उठा आता. पानं घेतलीयत."

त्यानंतरही आम्ही थांबलो नाही. त्या झाडाच्या फुलांवर मी वांग्याचा पराग लावला, एकदा नव्हे, पुढच्या हंगामातही. चार-दोन फळं धरली, गोट्यांएवढी. फोडली तर आत बीच नाही, म्हणजे काढायला गर्भ नाही, म्हणजे नळ्यांना काम नाही. नळ्या फडताळात तशाच राहिल्या. पावसाळ्यात त्यांच्यावरही बुरशी आली आणि ती मी धुतली नाही.

लढाई संपल्यावर बंगल्याच्या मालकांना बंगला हवा झाला. सर आणि काकू पुण्याला जायचे ठरले. सूक्ष्मदर्शक सरांनी त्यांच्या जुन्या कॉलेजात देऊन टाकला. मी बांधाबांधीला गेले होते. काकू आत भांडी बांधत होत्या. सर व्हरांड्यात बसले होते, आता त्यांना माणसाची नुसती सावली दिसे. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"बस," ते म्हणाले. "थकलीस ना?"

पाच वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

"मीही," ते म्हणाले. "पण लहानांचं काय करायचं ते आपल्याला कळलं. ते कळलं होतं ना?"

"कळलं होतं, सर."

"कुणीतरी दुसऱ्या झाडावर करील."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. समोर टेकडीवरून धुकं उतरत होतं. मला घरी जाऊन संध्याकाळचं करायचं होतं आणि हे ड्यूटीवरून यायच्या आत पोचायचं होतं. तरी मी काही वेळ तशीच बसून राहिले.

पुढे मी लोणावळ्यातल्या मुलींच्या शाळेत निसर्गशास्त्र शिकवू लागले. भिजवलेल्या पावट्याची दोन दलं उघडून मधला कोंब मुलींना दाखवायची तेव्हा त्या म्हणत, बाई, एवढासा? मी म्हणे, एवढासाच असतो. मावशींकडे एकदा गेले होते. ते झाड त्यांनी काढून टाकलं नव्हतं. तीन वर्षं उभं राहून ते आपोआप वाळलं आणि मग त्यांनी चुलीत घातलं.